संध्याकाळी अक्षरं धूसर होतात, म्हणून नजर चालली असं नाही

प्रश्न: मी हिशेबाचं काम करते. वय ४२. रोज नऊ-दहा तास संगणकासमोर जातात. समोर मॉनिटर आणि डाव्या हाताला लॅपटॉप असतो. वर्षभरापासून दुपारनंतर डोळे चुरचुरतात, संध्याकाळी लाल होतात, अक्षरं धूसर दिसतात आणि कपाळ ठणकतं. काम संपवून बाहेर पडले की थोडा वेळ लांबच्या पाट्याही वाचता येत नाहीत. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे २.५० आहे, तीन वर्षांपूर्वी उणे २.२५ होता. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कट काचा घेतल्या, फरक नाही. लाली घालवणारे थेंब टाकले की तासभर बरं वाटतं. हल्ली फोन वाचायला चष्मा काढावा लागतो. असंच चालू राहिलं तर नजर जाईल का? व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू करू का?

उत्तर: आधी भीतीबद्दल बोलू, कारण ती मनात असली की बाकीचं नीट वाचलं जात नाही. संगणकाकडे पाहून प्रौढ माणसाच्या डोळ्याचा पडदा खराब होत नाही आणि वापरल्यामुळे नजर संपतही नाही. भरलेली बादली धरून तासभर उभं राहिलं तर हात भरून येतो, पण हात निकामी होत नाही. तसंच हे आहे. तीन वर्षांत वाढलेला पाव नंबरही मनावर घेऊ नका. एकाच माणसाची एकाच आठवड्यात दोनदा तपासणी केली तरी पावाचा फरक येऊ शकतो.

त्रास मात्र खरा आहे आणि तो कमी करता येतो. अडचण एवढीच की 'डोळे थकले' या दोन शब्दांत तीन वेगळे त्रास एकत्र कोंबले जातात. त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. तुमच्या पत्रात तिन्ही दिसतात, म्हणून एकच उपाय करून फरक पडला नाही.

तुमचा धूसरपणा कोणता आहे, ते दोन-तीन दिवस नीट पाहा. अक्षरं अंधूक झाली की दोनदा पूर्ण पापण्या मिटा. लगेच स्पष्ट दिसलं आणि काही सेकंदांत पुन्हा फिसकटलं, तर डोळ्यावरचा अश्रूंचा थर तुटतो आहे, म्हणजे कोरडेपणा. पापण्या मिटून फरक पडत नाही, पण काम थांबवल्यावर लांबचं पाच-दहा मिनिटं धूसर राहून मग साफ होतं, तर डोळ्यातला जवळचं दाखवणारा स्नायू आखडलेला आहे. आणि चष्मा काढला की फोन स्वच्छ दिसतो, लावला की दिसत नाही, ही चाळिशी. त्यात कसला आजार नाही, ती सगळ्यांनाच लागते.

कोरडेपणापासून सुरुवात करू, कारण चुरचुर, लाली आणि आलटून-पालटून होणारा धूसरपणा बहुतेक त्याचाच आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे ज्या मिटतात त्याही अर्धवट मिटतात: वरची पापणी बुबुळाच्या मध्यापर्यंत येते आणि परत जाते. बुबुळाचा खालचा भाग ओला होतच नाही. अश्रूंच्या थराला सर्वांत वर तेलाचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे पाणी लवकर उडत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींमधून येतं आणि पापणी पूर्ण मिटल्यावरच पिळून बाहेर पडतं. महिनोन्महिने पापण्या अर्ध्याच मिटत राहिल्या तर तेल आत साचून घट्ट होतं. मग डोळ्यात पाणी असूनही डोळा कोरडा वाटतो. काहींच्या डोळ्यांतून तर पाणी वाहायला लागतं आणि 'डोळे कोरडे आहेत' हे त्यांना पटतच नाही. चुरचुरीमुळे नुसतं पाणी येतं, ते टिकत नाही, गालावर ओघळतं.

म्हणून पापण्या मिटणं हा व्यायाम समजून करा. हलकेच मिटा, दोन सेकंद तसेच ठेवा, उघडा. परत मिटा, या वेळी किंचित दाबून दोन सेकंद, उघडा. असं दहा वेळा. मिनिटभराचं काम आहे. दिवसातून एकदा पन्नास वेळा करण्यापेक्षा प्रत्येक सुट्टीत दहा वेळा केलेलं जास्त उपयोगी.

रात्री शेक घ्या. स्वच्छ सुती कापड ४० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सोसतंय ना ते पाहा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. एकूण आठ-दहा मिनिटं शेक मिळायला हवा. नेमकी इथेच चूक होते: कापड दोन मिनिटांत थंड पडतं, लोक तेच ठेवून पडून राहतात आणि तेल पातळ होतच नाही. दर दोन मिनिटांनी पुन्हा बुडवा. नंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेने पाच-सहा वेळा हलकेच दाबत न्या. बुबुळावर जोर देऊ नका. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा, नंतर एकदा पुरतं. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी सोडून देऊ नका.

आता थेंबांबद्दल, आणि इथे थोडं आग्रहाने सांगतो: लाली घालवणारे थेंब आजपासून बंद करा. ते रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून डोळा पांढरा दिसतो. असर उतरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, पुन्हा थेंब लागतात आणि हे चक्र सुरू राहतं. बंद केल्यावर काही दिवस लाली वाढेल, घाबरू नका, ती ओसरते. कोरडेपणाला या थेंबांचा काडीचा उपयोग नाही. त्याऐवजी कृत्रिम अश्रू वापरा. घटकांमध्ये कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असं लिहिलेलं असतं. दिवसातून चार वेळा, तेही चुरचुर सुरू होण्याआधी: कामाला बसताना एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, मग साधारण चार वाजता आणि काम संपल्यावर. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण बाटली टिकवण्यासाठी घातलेलं रसायन वारंवार गेलं की डोळ्याच्या पृष्ठभागालाच इजा करतं. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते. थेंब टाकून मिनिटभर डोळे मिटून ठेवा आणि बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि वेष्टनावर दिलेली मुदत संपली की उरलेलं टाकून द्या. बऱ्याच बाटल्यांना ती महिनाभराची असते.

ज्या बाटलीवर स्टिरॉइडचं नाव आहे, म्हणजे डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय डोळ्याजवळ नेऊ नका. चुरचुर एका दिवसात थांबते म्हणून लोक ते थेंब महिनोन्महिने टाकत राहतात. त्यातून डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही. स्क्रीनने जी नजर जात नाही, ती अशा थेंबांनी जाऊ शकते.

एसीचा किंवा पंख्याचा झोत चेहऱ्यावर येतो का तेही पाहा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. हलली तर खुर्ची सरकवा किंवा झडप वळवा. आणि डोळ्यांवर पाण्याचे सपकारे मारण्याची सवय असेल तर ती सोडा. गार वाटतं, पण उरलासुरला तेलाचा थरही धुऊन जातो. तोंड धुताना डोळे मिटलेले ठेवा.

स्क्रीनची उंची मानेच्या सल्ल्यानुसार ठरवली जाते आणि डोळे विसरले जातात. स्क्रीन उंच असली की पापण्या जास्त उघड्या राहतात, तेवढा जास्त पृष्ठभाग हवेला लागतो आणि अश्रू लवकर वाळतात. खाली पाहताना वरची पापणी आपोआप थोडी मिटते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या थोडी खाली हवी. मधला भाग १५ ते २० अंश खाली, म्हणजे ६० सेंटिमीटर अंतरावर डोळ्यांच्या रेषेपासून साधारण १६ ते २२ सेंटिमीटर खाली. वरची कड किंचित मागे कलती ठेवा.

अंतर मोजपट्टीने मोजा, अंदाजाने नको. पाठ खुर्चीला टेकवून बसा, आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा. ५० ते ७० सेंटिमीटर चांगलं, मोठ्या मॉनिटरला ७०. तुमचा लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच अंतरावर, एकाच उंचीवर आणि सारख्या उजेडाचे हवेत. मॉनिटर ७० वर आणि लॅपटॉप ४५ वर असेल, तर दिवसभरात शेकडो वेळा नजर वळते आणि दर वेळी स्नायूला नवा हिशेब करावा लागतो. लॅपटॉप स्टँडवर चढवा आणि टाइप करायला वेगळा कीबोर्ड घ्या. कागद पाहून आकडे भरत असाल तर कागद टेबलावर आडवा ठेवू नका, स्क्रीनच्या शेजारी त्याच अंतरावर उभा लावा.

अक्षरं दिसेनात म्हणून पुढे झुकू नका, अक्षरं मोठी करा. परीक्षा सोपी आहे: बसण्याच्या जागेच्या तिप्पट अंतरावर उभं राहा, म्हणजे ६० सेंटिमीटरवर बसत असाल तर १८० वर. तिथून अक्षरं जेमतेम वाचता आली तर आकार बरोबर. नाही आली तर १२५ किंवा १५० टक्क्यांवर न्या. हिशेबाच्या तक्त्यात इंग्रजी तीन आणि आठ, सहा आणि शून्य सारखे दिसायला लागले की डोळा ताण घेऊन फरक शोधतो. कपाळ ठणकायचं ते एक कारण. एकाच वेळी कमी रकाने दिसले तरी चालतील. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं असतील तर ती काळी करा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काहींना मानवतात, पण सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्यामुळे लागणारा) असलेल्यांना अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, कारण अंधाऱ्या स्क्रीनपुढे बाहुली मोठी होते आणि दोष जास्त जाणवतो.

आता चष्मा. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा हाच, आणि त्याकडेच दुर्लक्ष झालेलं दिसतं. तुमचा चष्मा लांबचं पाहण्यासाठी केलेला आहे. तो लावून ६० सेंटिमीटरवर पाहायचं तर डोळ्यातल्या स्नायूला सुमारे पावणेदोन डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबरही याच मापात असतो) जोर लावावा लागतो, ५० वर दोनचा, ४० वर अडीचचा. विशीत ही ताकद दहाच्या आसपास असते, चाळिशीत ती साधारण चार-पाचवर येते. एकूण ताकदीच्या निम्म्याहून जास्त जोर तासन्‌तास लावला की स्नायू तक्रार करतो. तुम्ही त्या सीमेवर आहात. सकाळी जमतं, संध्याकाळी जमत नाही. आणि सुटका झाली तरी स्नायू लगेच सैल पडत नाही, म्हणून पाट्या धूसर.

चष्मा काढला की उणे २.५० च्या डोळ्याला ४० सेंटिमीटरवरचं जोर न लावता दिसतं. म्हणून फोन स्वच्छ दिसतो. पण स्क्रीन ६० वर आहे, तिथलं चष्म्याशिवाय दिसत नाही. मग माणूस चष्मा काढून नाक स्क्रीनकडे नेतो आणि मान-खांदे धरतात. तुम्हाला फक्त संगणकासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा लागेल. तो आताच्या नंबरापेक्षा कमी असेल, उणे दीड-पावणेदोनच्या घरात येण्याचा संभव आहे. नेमका आकडा तपासणीतच ठरेल. हा चष्मा लावून गाडी चालवायची नाही. साध्या बायफोकलमध्ये, म्हणजे लांबचा आणि जवळचा असे दोनच नंबर असलेल्या काचेत, संगणकाच्या अंतराची सोय नसते. वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचेत ती असते, पण मधल्या अरुंद पट्ट्यात. त्यातून पाहायला हनुवटी वर करावी लागते. दिवसभर स्क्रीनवर काम असेल तर वेगळा चष्माच सोयीचा.

तपासणी सकाळी, कामाला बसण्याआधी करा. आखडलेल्या स्नायूवर संध्याकाळी नंबर काढला तर उणे नंबर जास्त निघू शकतो. तो चष्मा लावला की स्नायूवर आणखी ताण येतो आणि पुढच्या वेळी नंबर आणखी वाढलेला दिसतो. शंका असेल तर डॉक्टर स्नायू सैल करणारे थेंब टाकून नंबर पाहतात.

दर २० मिनिटांनी २० फुटांवर, म्हणजे सहा मीटरवर, २० सेकंद पाहा, हा नियम तुम्ही ऐकला असेल. त्यातलं अंतर महत्त्वाचं आहे: सहा मीटरवर स्नायूवरचा भार जवळजवळ शून्य होतो. तीन-साडेतीन मीटरच्या खोलीत बसत असाल तर समोरच्या भिंतीवर आरसा लावा आणि त्यात दिसणाऱ्या मागच्या भिंतीकडे पाहा. अंतर आरशापर्यंतचं अधिक आरशापासून मागच्या भिंतीपर्यंतचं असं धरलं जातं, म्हणून छोट्या खोलीतही जवळपास सहा मीटर मिळतात. घड्याळ लावून दर वेळी उठणं चार दिवसांत कंटाळवाणं होतं. फाइल सेव्ह केली, फोन आला, प्रिंट काढली, अशा होणाऱ्याच गोष्टींना ती सवय बांधा. दर एक-दोन तासांनी पाच-दहा मिनिटं खुर्ची सोडून उठा. आणि त्या सुट्टीत फोन पाहू नका. तो ३० सेंटिमीटरवर असतो, स्नायूला तीनपेक्षा जास्त डायॉप्टरचा भार देतो. संगणकाचा भार त्याच्या निम्म्यालाच आहे. ती सुट्टी डोळ्यांना मिळतच नाही.

उजेडाचं थोडक्यात. स्क्रीन बंद करा आणि काळ्या काचेत काय दिसतं ते पाहा: खिडकी, ट्यूबलाइट, स्वतःचा पांढरा सदरा. जे दिसेल ते दिवसभर अक्षरांवर पसरलेलं असतं. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला हवी. मग पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर उजेड कमी करा, मळकट वाटत असेल तर वाढवा. दुपारी आणि दिवे लागल्यावर असं दोनदा करा. अंधाऱ्या खोलीत एकट्या स्क्रीनच्या उजेडात काम करू नका.

ब्लू-कट काचांनी फरक पडला नाही यात तुमचं काही चुकलं नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत ब्लू-कट काचांमुळे संगणकाचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. दिवसा उघड्यावर मिळणाऱ्या निळ्या प्रकाशापुढे स्क्रीनचा नगण्य असतो. झोपण्याआधीच्या तास-दोन तासांत स्क्रीन मंद ठेवावी, पण ती झोपेसाठी. गोळ्यांचंही तसंच. वयोमानाने पडद्याच्या मध्यभागाची झीज होते, त्या आजाराच्या ठरावीक टप्प्यावर विशिष्ट व्हिटॅमिन-खनिजांचा उपयोग होतो; स्क्रीनच्या थकव्यावर नाही. ओमेगा-३ कॅप्सूल कोरड्या डोळ्यांसाठी दिल्या जातात, पण २०१८ च्या मोठ्या 'ड्रीम' चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तो पैसा संगणकाच्या चष्म्यात घाला.

काही लक्षणांचा संगणकाशी संबंध नसतो आणि तिथे थांबून चालत नाही. एका डोळ्याची नजर अचानक कमी होणं, विजा चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके एकदम खूप वाढणं, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, सरळ रेषा वाकड्या दिसणं, अचानक एकाचे दोन दिसणं, लाल डोळ्यासोबत तीव्र दुखणं किंवा उलटी. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. अॅलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, आणि डोळ्यांसोबत तोंडही सतत कोरडं पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

चाळिशी ओलांडली आहे, तर चष्म्याच्या दुकानातल्या नंबरावर भागवू नका. डोळ्याचा दाब आणि पडदा यांची पूर्ण तपासणी एकदा करून घ्या. काचबिंदू बहुतेकदा सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास जवळचं दिसत नाही, म्हणून त्या दिवशी काम ठेवू नका, गाडी चालवू नका आणि सोबत कुणाला तरी न्या. जाताना जुन्या नंबराची चिठ्ठी, सध्याचा चष्मा, वापरात असलेल्या थेंबांच्या बाटल्या आणि चालू गोळ्यांची नावं घ्या. आणि एका कागदावर मॉनिटर, लॅपटॉप आणि फोन यांची मोजून काढलेली अंतरं सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. संगणकाच्या चष्म्याचा नंबर त्या आकड्यांवरच ठरतो, आणि तो कागद नसला की 'साधारण हाताच्या अंतरावर' एवढ्यावरच काच बनते.